भिरंडांचा हंगाम कागदांसाठी थांबत नाही

महोदय,

जुलै १९९१ मध्ये केंद्र सरकारने औद्योगिक परवाना पद्धत बहुतांशी मोडीत काढली. १९५१ च्या कायद्याखालचा परवाना आज स्फोटके, संरक्षण साहित्य, घातक रसायने, सिगारेट अशा मोजक्याच उत्पादनांना लागतो. गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत घरी भिरंडांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, आगळ (खारवलेला रस) आणि कोकम सरबत करून विकणाऱ्या बाईला मात्र अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी करावीच लागते, आणि ती लागायलाच हवी. माल लोकांच्या पोटात जायचा आहे. आमची तक्रार नोंदणीबद्दल नाही, घराच्या मालकीबद्दल आहे.

गोव्यातली कितीतरी घरे अजून आजोबांच्या नावावर आहेत. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर दहा-बारा नावे, त्यातली काही माणसे हयात नाहीत, काही परदेशी. मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणाऱ्याची, स्थिती याहून अवघड. १९७५ च्या कायद्याने त्याला घराबाहेर काढता येत नाही, पण खरेदीचा दावा मामलेदाराकडे निकाली निघेपर्यंत जमीन भाटकाराचीच, म्हणजे जमीनमालकाचीच. पंचायतीचा ना हरकत दाखला, व्यावसायिक वीजजोडणी, बँकेचे कर्ज, कुठेही गेले तरी मालकीचा कागद किंवा सगळ्या वारसांची संमती मागितली जाते. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. पण ते कर्जाशी जोडलेले, त्यामुळे कर्ज अडले की तेही अडते.

इकडे भिरंडे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पावसात सापडलेल्या फळाला बुरशी धरते, सोले (फळांच्या साली) वाळत नाहीत. नोंदणीचा अर्ज जूनपर्यंत पडून राहिला तर वर्षच गेले. म्हणून अर्ज फेब्रुवारीतच भरावा आणि आधारवरचे नाव, आडनाव व घर क्रमांक वीजबिलाशी जुळतो का, ते आधी पाहावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: याच कायद्याच्या २०११ च्या नियमावलीत लहान उत्पादकाच्या अर्जावर सात दिवसांत नोंदणी, लेखी कारणासह नकार किंवा तपासणीची नोटीस यांपैकी एक द्यावे, असे म्हटले आहे. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निर्णय. अर्जाची पोचपावती म्हणूनच जपून ठेवावी.

तपासायचे असेल तर खरोखर तपासण्याजोगे पुष्कळ आहे. फळांच्या सिरपमध्ये किमान २५ टक्के रस आणि ६५ टक्के विद्राव्य (विरघळलेले, मुख्यतः साखरेचे) घटक हवेत. घरी एक किलो सालीला दोन किलो साखर घालतात, पण साल ओली असली की पाणी सुटून हा आकडा खाली येतो आणि बाटली फसफसते. तो मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. बाजारात स्वस्तात मिळणारा बहुधा ३२ टक्क्यांपर्यंतच मोजतो. सिरपला तो निरुपयोगी, ८० पर्यंतचा घ्यावा. आगळात मीठ साधारण पाचवा-सहावा हिस्सा लागते. चवीसाठी ते कमी केले की टिकाऊपणा जातो, मग लेबलवर ‘एक वर्ष टिकेल’ छापणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.

वजनकाट्याचेही तसेच. ऑनलाइन मागवलेल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनमापे खात्याची मोहोर नसते. विक्रीसाठी मोहोर असलेलाच काटा हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी फेरपडताळणी. पाकीटबंद माल विकू लागल्यापासून ९० दिवसांत वजनमापे खात्याकडे पॅकर (माल पाकीटबंद करणारा) म्हणून नोंदणी करायची असते. तिचे शुल्क ५०० रुपये. लेबलवर अन्न सुरक्षेचा १४ अंकी नोंदणी क्रमांक, घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तारखा आणि सर्व करांसहित किंमत हवी. बहुतेकदा राहून जातो तो बॅच क्रमांक. एखाद्या घाण्यात बिघाड झाला तर नेमक्या कोणत्या बाटल्या परत मागवायच्या, ते त्यावरूनच कळते.

पाणी, मीठ, साखर, काटा आणि लेबल यांतले काहीच मालकीच्या उताऱ्यावर लिहिलेले नसते. घरगुती अन्नप्रक्रियेपुरता तरी राज्य सरकारने प्रत्यक्ष वास्तव्याचा पुरावा, म्हणजे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र किंवा मुंडकार नोंदीचा दाखला, पुरेसा मानावा. तसे परिपत्रक पंचायती, वीज खाते आणि बँका या तिघांना एकदमच जायला हवे, आणि तेही येत्या फेब्रुवारीच्या आत.

घरगुती अन्नप्रक्रियेचे प्रशिक्षण देणारे काही वाचक, डिचोली