नकाराचा कागद

महोदय,
दत्तक नियमावली, २०२२ नुसार अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीला आपल्या जन्मदात्यांचा शोध घेता येतो. मात्र मूल सोपवताना आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर तिची संमती लागते. ते योग्यच आहे. माझ्या लेकीला 'संमती नाही' असे उत्तर आले. कागदाची घडी पाकिटात सारून ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तुला बरंच वाटलं असेल ना?" खोटं कशाला सांगू, थोडं वाटलं होतं. असा कागद टपालाने धाडण्यापेक्षा संस्थेने समोर बसवून, समुपदेशकासमक्ष द्यावा. नकार आल्यास मूल सोपवण्यामागची कारणे सांगण्याची तरतूद आहे. तीही आम्ही मागितल्यावरच कळली.

– एका दत्तक मुलीची आई, सांगली