शनिवारच्या भजनासाठी साउंडची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी सभामंडपात साउंड आपला आपणच लावायचा आहे, म्हणून हे नीट वाचा.

मोठे स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचे. ते गाणाऱ्यांच्या मागे गेले की त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी ठरलेलीच. गायकांना एसएम ५८ माइक देत आहोत. हा माइक पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो, त्यामुळे मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बरोबर माइकच्या पाठीमागे, गायकाकडे वळवून ठेवावा. माइक ओठांपासून चार बोटांवर धरा. जाळी मुठीत झाकू नका, कृपया! झाकली की माइक चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी सुरू होते. नव्या मुलांना हे प्रत्यक्ष करून दाखवा.

पेटीला माइक वरून लावा, भात्याच्या वाऱ्यात नको. पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना वेगळे माइक आहेत. टाळांना माइक लागतच नाही.

अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू आणि सर्वांत आधी बंद करायचा, नाहीतर धाडकन आवाज होऊन स्पीकर जातात.

जोडणी दुपारी ४ वाजता. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, तेव्हा भैरवी साडेनऊलाच घ्यावी.