नांगराची निशाणी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत घरून निघताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतला, जुने कागद बांधून ठेवलेला लाल रुमाल मी तुम्हांला न विचारता सोबत आणला, हे आधी सांगते, कारण पुढचे सारे त्यातूनच निघाले आहे. विचारले असते तर बाबा नाही म्हणाले नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु पेटी काढायला ते स्वतः शिडीवर चढले असते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. कागद सुखरूप आहेत. मांजरपाटात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवले आहेत आणि एकाही कागदाची घडी मी जोराने उलगडलेली नाही.

वर्षभर मोडी शिकत होते ती याच रुमालासाठी. शब्दांमध्ये जागा न सोडता रेघेला टांगलेली ती अक्षरे पहिले दोन महिने मला लागतच नव्हती. आता लागतात, आणि जे वाचले ते आमच्या शिक्षकांकडून दोनदा तपासून घेतले आहे. एकूण अकरा कागद आहेत. नऊ शेतसाऱ्याच्या पावत्या. उरलेल्या दोन कागदांविषयी हे पत्र आहे.

पहिले गहाणखत आहे, फसली १२८६ मधले, कार्तिकातले. फसली म्हणजे महसुली सन, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा १८७६ चा हिवाळा. त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही आणि आपल्या साऱ्या मुलखात दुष्काळ पडला. बाबा, तुमच्या पणजोबांनी त्या दिवसांत विहिरीचा तुकडा पेठेतल्या सावकाराकडे गहाण टाकला. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून कारकुनाने त्यांचे नाव घालून पुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहिले आहे, आणि शेजारी बोरूने काढलेला बोटभर नांगर आहे. इसाड थोडे वाकडे गेले आहे, शाई रुमण्यापाशी फुटली आहे. आपल्या घरातल्या कोणाच्याही हातची याहून जुनी खूण आपल्यापाशी नाही. तो नांगर पाहताना मला पाटीवरचा पहिला श्री आठवला, बाबा. तुमच्या मुठीत माझी मूठ होती आणि पेन्सिल आपण दोघांनी मिळून धरली होती.

आता पुढचे आईला शेजारी बसवून, दिवसाउजेडी वाचावे.

सुप्याच्या दंग्यात वरच्या आळीने, म्हणजे पणजोबांच्या थोरल्या भावाच्या घराने, आपले कागद जाळले आणि तुकडा गिळला, असे आपण ऐकत आलो. सुप्याचा दंगा १२ मे १८७५ चा. लोकांनी त्यात सावकारांकडचे कर्जरोखे ओढून जाळले, आणि आपले गहाणखत तर त्यानंतर दीड वर्षाने लिहिले गेले. तेव्हा जळाले असे काही नव्हतेच. दुसरा कागद शके १८०३ मधले, म्हणजे १८८१-८२ चे, फारखत आहे, कर्ज फिटल्याचा लेख. सावकाराची सगळी बाकी वरच्या आळीच्या थोरल्या भावाने फेडली, तुकडा त्यांच्या खात्यावर राहावा, आणि धाकट्याचा मुलगा जाणता होईपर्यंत त्यांनी दरसाल सहा मण जोंधळे त्याच्या आईकडे पोहोचवावेत, असा त्यात करार आहे. तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. १८७९ च्या कायद्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्त गावनिबंधकापुढे करावा लागे; हाही तसाच झालेला आहे, त्यामुळे तो कोणी मागाहून रचला असेल अशी शंका मनात आणू नये. जोंधळे खरोखर पोहोचले की नाही, ते कागद सांगत नाही. पण दुष्काळात ओसाड पडलेल्या घरातला चार वर्षांचा मुलगा जगला, आणि त्याच्यामुळे आपण आहोत.

आणि आपण ऐकत आलो तसे पणजोबा काशीला गेले नव्हते, बाबा. फारखतात लिहिले आहे की ते दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर गेले आणि परतले नाहीत. तो मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, आणि त्याचे भराव मुख्यतः दुष्काळग्रस्तांनीच घातलेले आहेत. तुम्हांला हे वाचून वाईट वाटेल, मला रात्रभर वाटत राहिले. पण ते घर टाकून गेले नव्हते. घरासाठी गेले होते. दर वर्षी शिर्डीला जाताना दौंडला गाडी पकडून आपण कोपरगावी उतरत असू, मी खिडकीशी भांडून बसत असे आणि आई दशम्या सोडत असे, ते सारे त्याच भरावावरून.

मी फारखताची एक प्रत वरच्या आळीच्या अण्णांना नेऊन दिली आहे. तुम्हांला आधी सांगायला हवे होते. त्यांचे वय ८६ आहे, बोलताना दम लागतो, आणि त्यांनाही लहानपणापासून आपण फसवणाऱ्यांच्या घरातले आहोत असेच ऐकावे लागले आहे. तुमच्या परवानगीची वाट पाहण्यात आणखी एक पावसाळा जाईल, अशी भीती मला वाटली. त्यांच्या घरी मी चहा घेतला. तुमच्याविषयी त्यांनी एकही वावगा शब्द काढला नाही, फक्त डोळे कसे आहेत ते विचारले. तुमच्या वडिलांनी जे सांगितले ते त्यांनीही कोणाकडून तरी ऐकलेले होते, त्यांना खोटे पाडावे असे माझ्या मनात स्वप्नातही नाही.

दोन्ही कागदांचे बाळबोध लिप्यंतर मोठ्या, ठळक अक्षरांत छापून सोबत पाठवते आहे. दिवसातून एकच पान वाचावे. डोळ्यांत थेंब घालणे चुकवू नये. मूळ कागद पाडव्याला मी स्वतः आणीन, तोवर पेटीत डांबरगोळ्या घालू नयेत आणि माळ्यावर कोणीही चढू नये. आई, रक्तदाबाची गोळी सकाळीच घे, आणि अण्णा आले तर पुरणावरणाचा घाट घालू नकोस. त्यांना फक्त मऊ भात चालतो.

ते अक्षय्य तृतीयेला येणार आहेत. तिथी ठाऊक नसल्याने पणजोबांचे आपण सर्वपित्रीलाच करतो; या वर्षी तृतीयेच्या कऱ्यासाठी त्या विहिरीचे पाणी आणू का, असे अण्णांनी विचारले. मी हो म्हणून आले आहे. बाबा, कळशी त्यांच्या हातून तुम्हीच घ्यावी. जड असेल, म्हणून आईने एका बाजूने धरावी.

तुमची,
धाकटी