जनरेटर बंद असतो तेव्हाही मीटर पळत असतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीजदर वाढले की पेपरात एसी जपून वापरा, एलईडी लावा, छपरावर सोलर घ्या असं सगळं छापून येतं आणि ते बरोबरच आहे, पण एका गोष्टीवर मी अजून मराठीत एक ओळ वाचलेली नाही म्हणून लिहायला बसलो. मी नाशिकला हॉस्पिटलं, हॉटेलं, कोल्ड स्टोरेज अशा ठिकाणी डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या मेंटेनन्सची कामं करतो, बावीस वर्षं झाली. विषय आहे डीजीच्या हीटरचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं लाईट गेली की डीजी चालू होतो आणि एरवी नुसता उभा असतो. पण बऱ्याच मोठ्या सेटच्या इंजिनाला बाजूला एक हीटर लावलेला असतो, आम्ही त्याला जॅकेट हीटर म्हणतो, कोणी ब्लॉक हीटर म्हणतं, तो इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं पाणी, चोवीस तास कोमट ठेवतो. गार इंजिनात ऑइल घट्ट असतं, सेल्फवर ताण येतो, डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर निघतो, आणि चालू झाल्या झाल्या सगळा लोड पडला तर मशीन दबतं. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट टेबलावर असताना हे परवडत नाही. अमेरिकेत एनएफपीए ११० नावाचं स्टँडर्ड आहे, तिथे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी लाईनला १० सेकंदात वीज मिळावी लागते आणि त्यासाठी इंजिन कंपनीने ठरवलेल्या तापमानापर्यंत कूलंट गरम ठेवा असं सांगितलंय. म्हणजे हीटर चैन म्हणून लावलेला नाही, तो लागतोच.

आता गोष्ट मे महिन्यातली. एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) सर्व्हिसला गेलो, दुपारचे दीड वाजलेले, डीजी रूममध्येच चाळीसच्या आसपास तापमान. सवयीने हीटरच्या वरच्या होजला (कूलंटच्या रबरी नळीला) हात लावला तर चटकाच बसला. खालचा होज मात्र जेमतेम कोमट. वायरमधला करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला, साडेआठ अँपिअर. म्हणजे २ किलोवॅटचा हीटर भर उन्हाळ्यात फुल चालू, ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट चिकटलेला, आणि कधीपासून ते कोणालाच माहीत नाही. होज हीटरच्या तोंडाशी कडक होऊन तडकायला लागला होता, आणखी महिनाभर तसंच राहिलं असतं तर कूलंट सगळं जमिनीवर आणि एलिमेंट कोरडा जळून गेला असता.

हिशोब सोपा आहे, २ किलोवॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ४८ युनिट, महिन्याला १,४४० युनिट. आमच्या घरी महिन्याला दीडशे युनिट पडतात, म्हणजे जवळजवळ दहा घरांची वीज एक बंद उभं असलेलं मशीन खात होतं, आणि वर्षभर असंच चाललं तर साडेसतरा हजार युनिट. चांगल्या थर्मोस्टॅटचा हीटर सतत चालत नाही, मधेमधे बंद होतो, हे मान्य, पण तो कितीवर सेट केलाय हे बघतो कोण?

आपल्याकडे मी जे हीटर बघतो त्यातले बहुतेक पंप नसलेले. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खालून परत येतं, एवढ्यावर ते चालतं. त्यामुळे इंजिनाचा एक कोपरा उकळतो आणि लांबचे सिलिंडर गारच राहतात, मग ते गरम व्हावेत म्हणून माणूस सेटिंग अजून वर नेतो आणि होज अजून लवकर जातात. दुसरा प्रकार म्हणजे छोटा पंप असलेला हीटर, तो कूलंट पूर्ण इंजिनात फिरवतो, सगळीकडे सारखी ऊब मिळते म्हणून कमी सेटिंगवर भागतं. किंमत जास्त आहे, नाही असं नाही, पण मशीन वर्षाचे ८,७६० तास हीटरवर असतं आणि प्रत्यक्ष चालतं त्यातले थोडेसेच, तेव्हा खर्च कुठे होतोय ते दिसतंच की.

अमेरिकेच्या वायव्येला, ओरेगन-वॉशिंग्टनकडे, कोलंबिया नदीच्या धरणांची वीज विकणारी बॉनव्हिल पॉवर अॅडमिनिस्ट्रेशन म्हणून सरकारी संस्था आहे, तिच्या भागातल्या वीज कंपन्यांनी जुना हीटर काढून पंपवाला लावणाऱ्यांना अनुदान दिलेलं आहे. तिथे तर आपल्यापेक्षा जास्त थंडी पडते, तरी ते हीटरची वीज वाचवायला बघतात. आपल्याकडे बीईई या केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेचे स्टार डीजी सेटलाही मिळतात, पण ते मशीन चालताना किती डिझेल पितं त्यावर. डिमांड साइड मॅनेजमेंटचे, म्हणजे ग्राहकाकडेच विजेची मागणी कमी करण्याचे नियम राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०१० मध्येच केले होते, तशा योजनेत महावितरणने हा हीटर घ्यावा, निदान हॉस्पिटलांपासून सुरुवात करावी, ही माझी मनापासून विनंती आहे.

आणि कृपा करून हे वाचून कोणी हीटरची एमसीबी पाडून ठेवू नका. निफाड-नाशिकची जानेवारीतली पहाट काय असते ते आम्हाला माहीत आहे. एका ठिकाणी बिल वाचवायला दिवाळीत हीटर बंद केला, जानेवारीत पहाटे लाईट गेली, बॅटरी जुनी, ऑइल घट्ट, पॅनलने तीनदा क्रँक मारला (इंजिन सुरू करून बघितलं) आणि फेल टू स्टार्ट दाखवून थांबला. मी पोचेपर्यंत नर्स मोबाईलच्या टॉर्चवर सलाईन बघत होत्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

करायचं एवढंच, इंजिन कंपनीने कमीत कमी किती तापमान सांगितलंय ते मॅन्युअलमध्ये बघा आणि त्याच्या जवळपास सेट करा. रूम ३५ अंशावर असताना ५० ऐवजी ४० ठेवलं तर इंजिन आणि हवेतला फरक १५ वरून ५ वर येतो, उष्णता वाया जाते ती त्याच फरकामुळे. हीटरला स्वतंत्र सब-मीटर लावा म्हणजे थर्मोस्टॅट चिकटला की त्याच महिन्यात कळेल. मशीन चालू झालं की हीटर आपोआप बंद होतो का तेही तपासा. होज बघायला जाताना पॅनल ऑफवर टाका, नाहीतर मशीन अचानक सुरू होऊन हात फॅनमध्ये जायचा, आणि बाहेर पडताना ते परत ऑटोवर टाकलंय ना हे दुसऱ्या माणसाला दाखवून मगच दाराला कुलूप लावा.

आपला,
एक डीजी मेंटेनन्सवाला, नाशिक