चि. मंजिरीस, काकाच्या आजाराविषयी

खानापूर, जि. बेळगाव

चि. मंजिरी हिस अनेक आशीर्वाद.

काकाचा स्किझोफ्रेनिया आपल्या रक्तात आहे का, आणि स्थळाकडच्यांना तो सांगायचा का, असे तू फोनवर विचारलेस. तेव्हा आजी शेजारीच बसली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

काकाचा त्रास विशीत सुरू झाला. रेडिओवरून आपलेच नाव घेतात असे वाटून तो रेडिओ गोणपाटात गुंडाळून भाताच्या कणगीत पुरून ठेवी. ‘बाहेरचे आहे’ म्हणून घरच्यांनी त्याला सौंदत्तीच्या यल्लम्माला नेले, अंगारे-धुपारे केले. औषधे सुरू झाली ती धारवाडला, बऱ्याच उशिरा. त्या गोळ्यांवर तो आज शेतीचे सगळे पाहतो.

हा आजार आयुष्यात कधीतरी होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांत शंभरात सुमारे एक असते. आई किंवा वडिलांना असेल तर ते दहाच्या आसपास जाते, पुतण्या-पुतणीच्या नात्यात मात्र दोन ते चारच राहते. हा आजार ‘८० टक्के आनुवंशिक’ असल्याचे वाचून तू घाबरली असशील. पण तो आकडा समाजातील माणसामाणसांमधल्या फरकात जनुकांचा वाटा किती, एवढेच सांगतो, एखाद्या मुलीचे भवितव्य नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तरी निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो.

शिवाय यामागे एकच दुष्ट जनुक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणांचा या आजाराशी संबंध आढळला, आणि त्यांतील बहुतेक फरकांचा प्रभाव एकेकटा अगदी नगण्य असतो. असे काही फरक तुझ्या-माझ्यातच काय, गावातल्या प्रत्येकात असतील. बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळण्यासारखे दुर्मिळ बदल धोका खूप वाढवतात, सुमारे चारात एक इतका. पण त्यांच्यासोबत बहुधा हृदयाचे किंवा टाळूचे जन्मजात दोष असतात, आणि काकात तसे काही नाही. म्हणून घरबसल्या लाळ तपासून भविष्य सांगणाऱ्या पाकिटांवर पैसे घालवू नकोस. त्यामागचे संशोधन बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहे, आणि त्यावरून एकट्या व्यक्तीचे निदान करता येत नाही.

तुझ्या हातात जे आहे ते वेगळेच आहे. पुण्यात मित्रमंडळींत गांजा ‘नैसर्गिक’ म्हणून फिरतो असे ऐकतो. घराण्यात हा आजार असलेल्याने त्याला शिवू नये, हे मी बाप म्हणून नव्हे, डॉक्टरांच्या तोंडचे सांगतो.

स्थळाला सांगायचे, पण पहिल्या चहापोह्यांना नव्हे. बोलणी पुढे सरकली की वरच्या आकड्यांसह. आजीला हे पटणार नाही, तिच्याशी मी बोलेन. निदानाचे कागद दाखवायला काकाची हरकत नाही. उलट ‘मी गोळ्या चुकवत नाही, तेही सांगा’ असे त्याने बजावले आहे.

तुझे बाबा