सूचना : रविवारचं सामूहिक वाचन

मंडळींनो, येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर साडेदहाला चर्चच्या सभागृहात बसायचं आहे. वाचायचंय पोप तेरावे लिओ यांचं १८९१ चं परिपत्रक 'रेरुम नोव्हारुम'. कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढी मजुरी आणि संघटना करण्याचा हक्क, दोन्ही त्यात आहेत. खासगी मालमत्तेचा हक्कही ठामपणे मानलाय, म्हणजे वाद होणार. व्हावाच. वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी जरूर यावं. नुसते आम्ही वाचणारेच बोलत बसलो तर काय उपयोग? वेळ उरला तर पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं पर्यावरणावरचं परिपत्रक 'लाउदातो सी' थोडं पाहू. मराठी टिपण मिळेल. कोकणीत, कन्नडमध्ये बोललात तरी चालेल. खानापूरकडच्यांनी गाडीसाठी शनिवारपर्यंत नाव कळवावं. चहा आहे, जेवण नाही.