मसुदांच्या पोराची गोष्ट अर्धीच छापली

संपादक महोदय,
स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इटलीत लढलेल्या सैनिकांवरचा लेख वाचला. माणगावच्या यशवंत घाडग्यांबरोबर जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिक काझुओ मसुदाचंही नाव आलं, बरं वाटलं. घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, तेव्हा वय फक्त २२. त्याच्या चारच दिवस आधी मसुदाने २०० यार्ड सरपटत जाऊन मॉर्टरची (छोट्या उखळी तोफेची) नळी आणली, खाली प्लेट नाही म्हणून स्वतःचं हेल्मेट लावलं आणि १२ तास एकट्याने जर्मनांना थोपवलं. ऑगस्टमध्ये आर्नो नदीपाशी गस्तीवर असताना सोबतच्यांना निसटता यावं म्हणून तो मागे राहिला आणि गेला. हे सगळं तुम्ही छान दिलंय. पण घरच्यांचं काय झालं ते गाळलंत, आणि मी इकडे कॅलिफोर्नियात मसुदांच्याच ऑरेंज काउंटीत राहतो म्हणून मला ते जास्त खटकलं.

काझुओचे आईवडील जपानहून आलेले, टॅल्बर्टला (आता फाउंटन व्हॅली) शेती करायचे. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने अशा लोकांना शेतजमीन स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नागरिकत्वही मिळत नव्हतं, म्हणजे राबा पण सातबारा मागू नका! पोरगं पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आधीच अमेरिकन आर्मीत गेलेलं, तरी १९४२ ला सरकारने जपानी वंशाचे म्हणून घरच्यांना उचलून आर्कान्सॉच्या कॅम्पात टाकलं, तारेच्या कुंपणात, नंतर ॲरिझोनात. असे सव्वा लाखाच्या आसपास लोक होते आणि त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन.

१९४५ ला बहीण मेरी घर बघायला आली तर गावातल्या काही लोकांनी धमकावलं, परत येऊ नका म्हणून. मग डिसेंबरात जनरल स्टिलवेल स्वतः त्यांच्या घराच्या ओसरीवर येऊन काझुओचं पदक देऊन गेले. त्याच दिवशी सांता आनाच्या सभेत कॅप्टन रोनाल्ड रेगन बोलले, वाळूत मुरलेलं रक्त सगळं एकाच रंगाचं असतं असं काहीतरी, हो तेच पुढे प्रेसिडेंट झालेले. टाळ्या वगैरे झाल्या असतीलच, पण १९४८ ला काझुओला इथे पुरायची वेळ आली तर वेस्टमिन्स्टरच्या स्मशानभूमीने चांगली जागा द्यायला नाही म्हटलं, गोरे नाहीत म्हणून. ओरड झाली तेव्हा कुठे जागा मिळाली.

लोक हे 'बघा केवढी देशभक्ती' म्हणून सांगतात. मला त्याचा राग येतो. स्वतःच्याच घरी परत राहायला मिळावं म्हणून कुठल्या आईबापाला पोराचं पदक का दाखवावं लागावं? आणि ज्यांच्या घरात कुणी मेलं नाही, त्यांनी काय दाखवायचं?

कॅम्पात टाकलेल्यांना भरपाईचा कायदा झाला १९८८ ला. रेगन आधी फारसे राजी नव्हते, काझुओच्या दुसऱ्या बहिणीने पत्रातून त्या सभेची आठवण करून दिली आणि १० ऑगस्टला सही झाली. माणशी २०,००० डॉलर, तेही सहीच्या दिवशी जे हयात होते त्यांनाच. आधी गेलेल्यांच्या वारसांना काही नाही.

पुढचा भाग काढणार असाल तर एवढं नक्की छापा, जागा कमी पडली तर मॉर्टरचं वर्णन कापलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, आर्वाइन (कॅलिफोर्निया)